पांढरा पट्टा

बोटीतून उतरल्यावर तो पहिल्यांदा घसरला तो धुण्याच्या दगडावरून, आणि बसला थेट तिच्या साबणाच्या पाण्यात.

"अंघोळीची एवढी घाई?" तिनं विचारलं.

"पाणीखात्यातून पाणी तपासायला आलोय," तो कपडे झटकत म्हणाला. "म्हटलं, आधी बसून बघावं!"

ती खळखळून हसली... आणि इथंच सगळं चुकलं.

बेटावर गोड्या पाण्याची विहीर एकच. तिच्या काठावर आत्याचं धुणंघर, आणि आईबापांमागे आत्यानं वाढवलेली ही भाची. विहीर जास्त उपसली की खालून समुद्र वर चढे. म्हणून त्यानं उन्हावर चालणारा पंप बसवला, धुण्याचं वापरलेलं पाणी वाळूतून गाळून पुन्हा वापरायला टाकी बांधली, आणि विहिरीच्या आत एक पांढरा पट्टा रंगवला. पट्टा उघडा पडला की पंप बंद करायचा. हे जमलं तर बेट राहील, नाहीतर घरं सोडून निघायचं, हे साऱ्यांना ठाऊक होतं.

पट्ट्यावर लक्ष ठेवायचं काम तिच्याकडे आलं. मग काय, हा सारखा तिथंच!

"तुम्हाला दुसरं काम नाही?"

"आहे ना. तू पट्टा बघतेस की नाही, ते बघायचं."

"आणि बघत नसले तर?"

"तर... मला बघत असशील."

त्या दुपारी तो काठावर तिच्या शेजारी येऊन बसला. बोलता बोलता त्याचा आवाज खाली गेला. ती त्याच्या तोंडाकडे बघतच राहिली. भानावर आली तेव्हा पट्टा कधीच उघडा पडला होता, आणि पंप आपला चालूच होता.

दुसऱ्या दिवशी आत्यानं साबण घासघासून पाहिला. फेस येईना. जिभेवर थेंब ठेवला. खारट!

"चूक माझी," तो सगळ्यांसमोर म्हणाला. "पंप बंद करायला मी विसरलो." त्याच्यावर शिव्यांची लाखोली वाहिली गेली. ती पुढे सरकली, तर त्यानं डोळ्यांनीच नको म्हटलं. तिला याच लोकांत राहायचं होतं. ती मूग गिळून बसली, आणि तेव्हापासून तिला घास जाईना.

"पाणी पुन्हा गोडं होईल?" तिनं हळूच विचारलं.

"हात लावला नाही, तर... कधीतरी."

पण तहान नि धुणं काही थांबत नाही. एकेक घर बोचकी बांधू लागलं. त्यालाही माघारी बोलावणं आलं.

धक्क्यावर तिनं त्याचा शर्ट त्याच्या हातात दिला. पुठ्ठ्यासारखा कडक झाला होता.

"खारट झालाय..."

"असू दे. घालीन."

गर्दीतून कुणीतरी थुंकलं. "बुडवलंस आम्हाला!"

"तो एकटा नव्हता!" ती ओरडली. सगळे तिच्याकडे वळले. "पट्टा मी बघायचा होता. मी... मी त्याच्याकडे बघत होते. माझं प्रेम आहे त्याच्यावर."

बोटवाल्यानं दोर सोडला. तो बोटीत शर्ट छातीशी धरून उभा होता, दिसेनासा होईपर्यंत.

धक्का रिकामा झाला. आत्या रागवेल, मारेल, असं तिला वाटत होतं. आत्या नुसती शेजारी येऊन टेकली.

"एवढं काय गं बोलत होता तो, त्या दुपारी?"

तिनं पदरानं तोंड पुसलं.

"म्हणत होता... विहीर गोडी राहिली, तर मी इथंच राहीन."