वहिनींची जुनी फाइल

दिवा हवा तर राहू दे, पण मध्ये कुणी बोलू नका. आमच्या शिंपीमास्तरांची गोष्ट आहे. कपडे कधी मिळतील एवढं सोडलं, तर हा माणूस कधी खोटं बोललेला नाही.

मास्तरांच्या बायको, म्हणजे आमच्या वहिनी, नऊ दिवस हॉस्पिटलात होत्या. हृदयाची झडप बदलायची होती. आज ताप, उद्या डॉक्टर बाहेरगावी. ऑपरेशन आपलं पुढेच ढकललं जायचं. मास्तरांचा पाय एका जागी ठरेना. पांढरा कोट दिसला की विचारायचे, "आमचं कधी?" एकदा तर कँटीनवाल्यालाच विचारलं.

गेल्या वर्षीचा मार्च. गुरुवार. रात्री पावणेबाराला सिस्टर आली. "सकाळी पहिला नंबर तुमचा. यांना आधी कधी भूल दिली होती?"

"लग्नाआधी पोटाचं ऑपरेशन झालं होतं. कागद घरी असतील."

"मग आणाच."

वहिनींना झोपेचं औषध दिलेलं. कागद कुठे ठेवलेत, विचारणार कुणाला? मास्तर स्कूटरवरून घरी आले. कपाट पालथं घातलं. ट्रंक उपसली. साडेबारा झाले. फाइल नाही.

"अहो, तिथे नाही. मशीनच्या मागे बघा."

आवाज स्वयंपाकघरातून आला. वहिनींचा.

"थांब, बघतो," मास्तर बोलून गेले.

आणि जागीच थिजले.

घरात तर...

कुणीच नव्हतं.

हात मात्र शिलाई मशीनच्या मागे गेला. फाइल होती. त्यांनी वॉर्डात फोन लावला.

"झोपल्यात की," सिस्टर हळूच म्हणाली. "मी समोरच बसलेय."

आत भांडं सरकलं.

"सापडली ना?"

मास्तरांनी फाइल छातीशी धरली. वळले नाहीत. पळाले.

सकाळी भूल देणाऱ्या डॉक्टरांनी फाइल वाचली. पुन्हा वाचली. "बरं झालं आणलीत. मागे या औषधाने यांचा श्वास बंद पडला होता. आम्ही हेच देणार होतो."

ऑपरेशन सुखरूप झालं. वहिनी आता घरी आहेत, मास्तरांवर पूर्वीसारख्या खेकसतात. त्या रात्रीचं त्यांना काही म्हणता काही आठवत नाही.

फक्त त्या फाइलच्या पुठ्ठ्यावर पाच ओली बोटं उमटलीत. वहिनींनी स्वतःचा हात ठेवून पाहिला. जुळत नाही. ती बोटं... फार लांब आहेत.

दीड वर्ष झालं. परवा मीही हात लावून पाहिला.

अजून ओली आहेत.