थडग्यावरचं टेबल

नोव्हेंबरातला रविवार होता. दुपारची जेवणं आटोपल्यावर मी बरणीतली जांभळाची वाईन गाळली, बाटल्यांत भरली, बाटल्या वर्तमानपत्रात गुंडाळून कापडी पिशवीत उभ्या केल्या आणि रिक्षाची वाट बघत ओट्यावर बसले. वसईच्या किल्ल्यात जायचं होतं. आमच्या गावापासून तो फार लांब नाही. लहानपणापासून इतक्या वेळा गेलेय, की तिथं जायचं म्हणजे काही वाटायचंच नाही. आता रिक्षा त्या रस्त्याला वळली तरी मी दुसरीकडे बघते. तुम्ही विचारलंत म्हणून सांगते. ते दार तेवढं लोटून घ्या.

मला बोलावलं होतं विघ्नेशनं. मी शाळेत शिकवायचे तेव्हाचा माझा विद्यार्थी. गोड बोलून गृहपाठ चुकवायचा. आता विरारला राहतो आणि लोकांना समुद्रकाठचे जुने किल्ले दाखवतो. अर्नाळा, वसई, कधी खाली रेवदंड्यापर्यंत. त्यात त्यानं नवी टूम काढली होती. दिवसभर किल्ला आणि बंदर फिरायचं आणि संध्याकाळी तिथली घरगुती वाईन चाखायची.

"टीचर, तुमच्यासारखी जांभळाची वाईन अख्ख्या वसईत कोणाकडे नाय," तो म्हणाला होता.

मी वाईन विकत नाही. नाताळला, लग्नाला, बाळंतिणीला देतो आम्ही. पण तो म्हणाला, तुम्ही या, आपल्या वसईबद्दल दोन शब्द बोला, लोकांना कळू दे. ते मला आवडलं. परवानगीचं विचारलं तर म्हणाला, "सगळं सेट आहे, टीचर. टेन्शन नका घेऊ."

मी पोहोचले तेव्हा ऊन तिरपं झालं होतं. खाडीकडून चिखलाचा आणि वाळत घातलेल्या बोंबलांचा वास येत होता. छप्पर नसलेल्या एका मोठ्या चर्चमध्ये मंडळी जमली होती. मुंबईची काही, विरारची काही. वसई पूर्वेचं, एव्हरशाईन सिटीतलं एक जोडपं होतं, जितेंद्र आणि अश्लेषा. दोघं पन्नाशीच्या आसपास. मुलगा बंगलोरला नोकरीला, असं बाईंनी मला आल्या आल्या सांगितलं. त्यांनीच माझी पिशवी धरायला हात पुढे केला होता. बाकी सगळे फोटोंत गुंतले होते.

मग मला ती मांडामांड दिसली. चर्चच्या जमिनीत बसवलेल्या एका दगडावर पांढरी चादर अंथरली होती. वर काचेचे पेले, चीज, द्राक्षं. भोवती गाद्या टाकून लोक बसायला लागले होते.

"विघ्नेश, हे काय आहे?"

"टेबल, टीचर. लो सीटिंग. फोटो भारी येतात."

"चादरीखाली काय आहे?"

"दगड आहे."

"ते थडगं आहे."

तो हसला. शाळेत हसायचा तसंच. "माहितेय मला. पण किती जुनं आहे ते बघा ना. रडायला कोण राहिलंय आता? आणि पोर्तुगीजांचं आहे, आपलं थोडीच आहे."

"पोर्तुगीजांना काय पोरं नव्हती? दगडाकडे नीट बघ. केवढासा आहे तो."

त्यानं चादरीचं टोक उचलून बघितलं. मोठ्या माणसाला पुरेल एवढा दगड नव्हताच तो. क्षणभर त्याचा चेहरा उतरला. पण तेवढ्यात जितेंद्र म्हणाले, "मॅडम, इतिहासावर बसूनच इतिहास चाखायचा, त्यासाठी तर आलोय." सगळे हसले. जितेंद्रनी बुटाची नाडी बांधायला पाय उचलला आणि सरळ त्या दगडाच्या कडेवर ठेवला.

माझ्या अंगाचा तिळपापड झाला. जेमतेम आठवडा झाला होता ऑल सोल्स डेला. आमच्या दफनभूमीत आम्ही कबरी धुतल्या होत्या, झेंडू वाहिले होते, मेणबत्त्या लावल्या होत्या. माझ्या सासूबाईंच्या, मटिल्डाबाईंच्या कबरीवर कोणी चीजची ताटली ठेवली असती, तर माझ्या नवऱ्यानं, गॅब्रिएलनं, त्याचा हात मोडला असता. मग इथं छप्पर उडालं म्हणून कबरीची जमीन होते? तिच्यावर पाय ठेवून नाडी बांधायची?

"मी ओतणार नाही," मी म्हणाले. "आधी ते उचला तिथून."

विघ्नेशनं अगदी प्रेमानं माझ्या हातातून पिशवी काढून घेतली. "तुम्ही दमलात, टीचर. बसा. मी ओततो."

माझ्याच बाटल्या माझ्यासमोर उघडल्या त्यानं. मी तशीच पाठ फिरवली आणि बाहेर पडायला कमानीपर्यंत आले. मागून त्याचा आवाज येत होता.

"आता सगळ्यांनी डोळे मिटा. घोट तोंडात घोळवा. कशाची आठवण येते, ते एकेकानं सांगा. लाजायचं नाही."

मग एक गृहस्थ म्हणाले, "ओला चुना."

कोणीतरी फिसकन हसलं.

"मेणबत्ती," एक बाई म्हणाल्या. "पेटलेली नाही... विझवल्यावर येतो तो वास."

"खोबरेल," एक मुलगी म्हणाली. "केसांना लावलेलं. लहान मुलांच्या केसांना येतो ना... तसा."

मी कमानीत थांबले. माझी वाईन मला माहीत आहे. आधी जिभेला तुरटपणा, मग लवंग, शेवटी गोडवा. त्यातलं एकही कोणाच्या तोंडी नव्हतं.

"मिस्टर जितेंद्र?" विघ्नेशनं विचारलं.

त्यांनी अजून एक घोट घेतला. मघाचा माणूस हाच का, असं वाटावं इतक्या बारीक आवाजात म्हणाले, "माती. आत्ताच उकरलेली."

किल्ल्यात त्या वेळेला पोपटांचा, साळुंक्यांचा इतका कलकलाट असतो, की शेजारच्याचं ऐकू येत नाही. पण मला त्या जितेंद्रांचा श्वास कमानीपाशी ऐकू येत होता. वारा माझ्या पाठीकडून, खाडीवरून येत होता. तरी समोरून, त्या चादरीकडून, ओल्या चुन्याचा वास येऊन माझ्या नाकात बसला.

"दूध," अश्लेषाबाई म्हणाल्या.

"दूध? म्हणजे बासुंदी वगैरे?" विघ्नेशनं हसायचा प्रयत्न केला.

"नाही हो." त्या डोळे मिटूनच हसल्या. "आपलं... अंगावरचं."

"ठीक आहे. उघडा डोळे सगळ्यांनी."

कोणी उघडले नाहीत.

"उघडा ना. झालं आता."

एकेकानं उघडले, झोपेतून उठल्यासारखे. अश्लेषाबाईंनी मात्र नाही. त्या मांडी घालून बसल्या होत्या आणि त्यांचा गुडघा हळूहळू हलत होता. ते हलणं कोणत्याही बाईला ओळखू येतं. मी धावत गेले आणि त्यांचा दंड धरला.

"चला, बाई. उठा इथून."

"थांबा..." त्या कुजबुजल्या. "तिचं पिऊन व्हायचंय अजून."

त्यांचा कुर्ता छातीवर भिजला होता. जितेंद्रना वाटलं, वाईन सांडली. त्यांनी मोबाईलचा दिवा लावला. डाग जांभळा नव्हता. थेंब पांढरे होते आणि ते ठिबकत होते.

पुढचं मी काही ठरवून केलं नाही. चादरीचं टोक धरलं आणि ओढली. पेले फुटले, द्राक्षं दगडावर घरंगळली. मग मी खाली बसले आणि हातांनी काचा वेचल्या. त्या लेकराच्या अंगावर एक कपची राहू नये, एवढंच डोक्यात होतं. बोट कापलं तेही नंतर कळलं.

आणि त्या सगळ्यांनी मला काय विचारावं? विघ्नेशनं विचारलं, "टीचर, वाईनमध्ये काय टाकलं होतं?" जितेंद्र तर अंगावर धावून आले. पोलिसांत जाईन म्हणाले. म्हणजे एका लेकराच्या छातीवर यांनी बैठक मांडली आणि जाब मला! एक बाटली उघडायची राहिली होती, ती उचलली आणि घरी आले. गॅब्रिएलनं आणि मी जेवताना ती घेतली. नुसतं जांभूळ होतं.

दुसऱ्या दिवशी मी आमच्या फादरना घेऊन सकाळच्या उन्हात तिथं गेले. त्यांनी प्रार्थना केली, पवित्र पाणी शिंपडलं. मी झेंडू वाहिले. मला वाटलं, संपलं.

मग कोणीतरी मला मोबाईलवर विघ्नेशची जाहिरात दाखवली. 'वसई किल्ल्यातली झपाटलेली वाईन. हिंमत असेल तर या.' त्यात ती चादर होती, तो दगड होता आणि डोळे मिटून बसलेल्या अश्लेषाबाईही होत्या. मी लगेच फोन लावला.

"लाज वाटते का रे तुला?"

"टीचर, लोकांना हेच पाहिजे. पुढच्या सगळ्या टूर फुल आहेत. वाईन मी आता बाहेरून घेतो, तुम्हाला त्रास नको."

"त्या बाईंची चौकशी केलीस?"

"त्यांचं काय? रिव्ह्यू तर मस्त टाकलाय त्यांनी."

त्याच्याकडून मी त्यांचा पत्ता तेवढा घेतला आणि फोन ठेवला.

एव्हरशाईनला गेले तेव्हा दुपार होती. बेल वाजवायच्या आधीच दार उघडलं. जितेंद्र उभे होते. त्यांनी ओठांवर बोट ठेवलं. मघापासून बाहेर माझ्या चपलांचा आवाज ऐकत असावेत. बेलच्या बटणावर चिकटपट्टी लावली होती. आत टीव्ही चालू होता, आवाज बंद करून.

अश्लेषाबाई आतून आल्या. केस मोकळे, चेहरा भरलेला. सुखात असलेली बाई कशी दिसते, तशा दिसत होत्या. हातांना खोबरेलाचा वास येत होता.

"टीचर, हळू बोला हं. आत्ताच डोळा लागलाय."

मी येताना केवढं काय काय बोलायचं ठरवलं होतं. बेडरूमचं दार अर्धं लोटलेलं होतं. मी तिकडे बघितलं नाही. पाणी प्यायले आणि उठले.

जितेंद्र लिफ्टपर्यंत आले. मी म्हणाले, "बाईंना डॉक्टरकडे न्या."

"नेलं होतं. त्यांनी दूध बंद व्हायच्या गोळ्या दिल्या." ते दाराकडे बघत होते. "मी फेकून दिल्या. तुम्ही ऐकलं असतंत ना, त्या रात्री ती पोर भुकेनं कशी रडत होती... तर तुम्हीही फेकल्या असत्या."

लिफ्ट आली. त्यांनी दार हातानं धरून ठेवलं.

"मॅडम, त्या दगडावर काही कोरलं होतं का? नाव वगैरे? तुम्ही वाचलंत?"

"सगळं झिजलंय. का?"

"हाक मारायला." आवाज अगदी खाली आला त्यांचा. "तोंड भिंतीकडे करून बसते. आम्ही दोघं आलटून पालटून नावं घेऊन बघतो. एकाही नावाला अजून वळून बघितलेलं नाही तिनं."