दुपारी दोनचं त्रिंझण

इंग्लंडातल्या स्मेथिकमध्ये गुरमेज कौरच्या आवाजाची कुणाला ओळख करून द्यावी लागत नसे. भाजीच्या दुकानात ती मेथीच्या जुडीवरून हुज्जत घालू लागली की मागे उभ्या असलेल्या बायका हातातल्या पिशव्या खाली ठेवून मजा बघत. लग्नघरी पहिलं गाणं तिनंच उचलायचं, आणि नवऱ्यामुलाच्या आत्या-मावश्यांना खिजवणारी सिठणीही तिनंच म्हणायची. आवाज गोड होता असं नाही. जाडसर, भरदार, किंचित खरखरीत. पण तो कानावर पडला की घरात कुणीतरी मोठं माणूस आहे असं वाटायचं.

एवढा आवाज, पण बावीस वर्षं एका खोलीत पडून होता. खिडकीशी शिलाई मशीन, शेजारी जॅकेटांचे गठ्ठे आणि दिवसभर चेनी लावायचं काम. कान आणि खांदा यांच्यात फोनचा रिसीव्हर दाबलेला. पलीकडे सविंदर कौर, तिची जिवाभावाची मैत्रीण. ती विमानाच्या तिकिटांच्या दुकानात काउंटरवर बसायची आणि गोऱ्यांशी फडाफड इंग्रजी बोलायची. गुरमेज बोलत राहायची आणि सविंदर मधूनमधून ‘हूं, हूं’ करायची.

"अगं, हे सगळं मी एकटीनंच का ऐकायचं?" एक दिवस सविंदर म्हणाली. "गल्लीगल्लीत बायका मशीनवर मान मोडून बसल्यात. इंग्रजी रेडिओतलं एक अक्षर कळत नाही, तरी लावून ठेवतात. का? तर घरात कुणीतरी बोलत असावं म्हणून."

"मग मी काय करू? छपरावर चढून बोंबलू?"

"रेडिओ काढू या. आपला, आपल्या बोलीतला."

गुरमेज हसली, पण त्या दिवशी तिनं दोन चेनी उलट्या लावल्या.

सविंदर एकदा मागे लागली की काम तडीस नेणारी बाई. बैसाखीच्या निमित्तानं अठ्ठावीस दिवसांचा परवाना मिळतो, हे तिनंच शोधून काढलं. लंडनच्या ऑफिसचे फॉर्म तिनंच भरले. कापडाच्या दुकानावरची रिकामी खोली मिळाली. तोची नावाचा टीव्ही दुरुस्त करणारा मनुष्य ट्रान्समीटर जोडायला तयार झाला. खोलीत आवाज घुमायचा, म्हणून बायकांनी आपापल्या पेटाऱ्यांतून हुंड्यातल्या रजया काढून दिल्या. तोचीनं त्या चारी भिंतींवर ठोकल्या. गुलाबी, हिरव्या, मोठाल्या फुलांच्या रजया, आणि सगळ्या खोलीला डांबरगोळ्यांचा वास. कार्यक्रमाचं नाव गुरमेजनं ठेवलं, ‘त्रिंझण’. गावाकडे लेकीसुना चरखे घेऊन एका अंगणात बसायच्या, त्या बैठकीचं नाव. वेळ दुपारी दोनची.

सुरुवात करण्याआधी दोघींनी चुन्न्या, म्हणजे ओढण्या, बदलल्या. पुरुष पगड्या बदलून भाऊ होतात, बायका चुन्न्या बदलून बहिणी. गुरुद्वाऱ्यात अरदास, म्हणजे प्रार्थना, झाली, दोघींच्या ओंजळीत कडा प्रशादाचा गरम शिरा पडला. घडी करून आणलेली आपली निळी चुन्नी सविंदरनं गुरमेजच्या हातावर ठेवली.

"सख्खी बहीण एकवेळ दगा देईल, चुन्नीबहीण देत नाही," ती म्हणाली.

गुरमेजचा ऊर भरून आला. तिनं आपली मोहरीच्या फुलांच्या रंगाची चुन्नी सविंदरला दिली आणि वर म्हणाली, "माझ्याकडे आणखी आहे तरी काय? हा एक गळा. जा, तोही तुझाच."

शेजारच्या म्हाताऱ्या बीबीनं तिला कोपरानं ढोसलं. "ग्रंथसाहिब महाराजांच्या हजेरीत, हातात प्रशाद असताना असं काहीबाही बोलू नये, पोरी."

गुरमेजनं ते हसण्यावारी नेलं. बाहेर चपलांच्या मांडणीपाशी सविंदरनं पर्समधून एक कागद काढला. "परवान्याचा आहे. इथं सही कर." गुरमेजनं गुरमुखीत सही केली. काय लिहिलंय, विचारलंही नाही.

दुसऱ्या दिवशी तोचीनं चाचणी घेतली. दिवसभर नुसती एक शिट्टी हवेत सोडायची, कुठवर पोचते बघायची. त्यानंतरच्या दिवशी भाजीच्या दुकानात एक बाई गुरमेजचा हात धरून हसत सुटली. "काल दुपारी काय हसवलंस गं! ते सासूच्या चहात मीठ घातल्याचं!"

गुरमेज तिच्याकडे बघतच राहिली. ती गोष्ट तिनं आयुष्यात एकदाच सांगितली होती, सविंदरला, फोनवर.

तोचीला विचारलं तर तो म्हणाला, "भैणजी, काल फक्त शिट्टी होती. मी स्वतः बसलो होतो तिथं."

सविंदरनंच कुठंतरी सांगितली असेल, आणि त्या बाईचा काहीतरी घोटाळा झाला असेल. गुरमेजनं विषय सोडून दिला. भूतखेत, नजर, दृष्ट असल्या गोष्टींना तिनं कधी दारात उभं केलं नव्हतं.

कार्यक्रम सुरू झाला आणि चार दिवसांत गाव वेडं झालं. कुणाच्या घरी बाळ झालं, कुणाच्या अंतिम अरदासला किती वाजता जायचं, कारल्याचा कडूपणा कसा काढायचा, सगळं गुरमेज सांगायची. फोन थांबत नव्हते. एका आजीनं फोन केला आणि नुसती रडत राहिली. तीस वर्षांत या देशातलं कुठलंही खोकं तिच्याशी तिच्या बोलीत बोललं नव्हतं. "रडा, बीबी," गुरमेज म्हणाली, "पण मशीन थांबवून रडा, नाहीतर सुई बोटात जाईल." आजी रडता रडता हसली. त्या दिवशी घरी चालत येताना गुरमेजला वाटलं, आपण या देशात आलो ते आज.

पाचव्या दिवशी ती जिना चढून गेली, तर खुर्चीत सविंदर बसली होती.

"आजपासून मी बसते," सविंदर कागद सारखे करत म्हणाली.

"का गं? मला काय झालंय?"

"परवाना माझ्या नावावर आहे. त्रिंझणही. तू सही केलीस त्या कागदात तसं लिहिलंय."

"त्यात काय लिहिलंय ते मी तुला विचारलंसुद्धा नाही, सविंदर. तू होतीस म्हणून."

सविंदरनं मान वर केली. "बावीस वर्षं मी हूं-हूं केलं. एकदा तरी विचारलंस, की बाई, तुला काही सांगायचंय का?"

ते खरं होतं. पण एवढ्यासाठी? गुरमेज जिना उतरली. केसानं गळा कापणं म्हणजे काय, ते तिला त्या जिन्यावर कळलं. सविंदरनं नुसतं भांडण केलं असतं, चारचौघांत शिव्या दिल्या असत्या, तरी चाललं असतं. तिनं फॉर्म भरतानाच हे ठरवलं होतं आणि त्यानंतर चुन्नी बदलली होती.

दुसऱ्या दिवशी दोन वाजता तिनं मुद्दाम रेडिओ लावला. सविंदरचा आवाज बारीक, नाकातला. तो ऐकून बायका रेडिओ बंद करतील याची तिला खात्री होती, आणि ती फजिती तिला आपल्या कानांनी ऐकायची होती.

"हां जी, स्मेथिकच्या लेकीसुनांनो, बसलात का चरखे घेऊन?"

तो गुरमेजचाच आवाज होता.

टेप लावली, चोरटीनं! गुरमेज संतापानं उठली. तेवढ्यात रेडिओतली गुरमेज म्हणाली, "बाहेर बघा, गारा पडायला लागल्या. वाळत घातलेलं आत घ्या."

खिडकीच्या काचेवर टणटण आवाज झाला. सून पम्मी मागच्या अंगणात धावली आणि कपड्यांचा ढीग छातीशी धरून परत आली. दारातच ती थबकली. तिनं रेडिओकडे पाहिलं, मग सासूकडे.

"मम्मीजी, तुम्ही... घरीच आहात?"

गुरमेजनं फोन उचलला आणि रेडिओ स्टेशनचा नंबर फिरवला. घंटा वाजली. तीच घंटा रेडिओतूनही ऐकू आली.

"हां जी, कोण बोलतंय?" रेडिओतून तिच्याच आवाजानं विचारलं.

"मी गुरमेज बोलतेय."



"भैणजी, तुमचा आवाज पोचत नाही. जरा मोठ्यानं बोला."

"गुरमेज! मी गुरमेज कौर आहे!" ती ओरडली. पम्मीनं दचकून कपडे खाली टाकले.

"नाही येत बुवा आवाज," रेडिओ हसला. "चला, तोवर एक गाणं ऐकू या."

दुसऱ्या दिवशी दोन वाजता ती स्टेशनवर गेली. जिन्यात डांबरगोळ्यांचा वास होता. बाहेरच्या खोलीत तोची यंत्रापाशी बसला होता, आणि भिंतीवरच्या स्पीकरमधून गुरमेजचा आवाज कारल्याबद्दल बोलत होता. आतल्या खोलीत, काचेपलीकडे, सविंदर माइकसमोर बसली होती. डोक्यावर मोहरीच्या रंगाची चुन्नी. तिचे ओठ हलत होते. गुरमेजनं दाराच्या फटीला कान लावला. आतून, रजयांमधून दबून, सविंदरचा स्वतःचा आवाज येत होता. तोच बारीक, नाकातला. शब्द तेच, आवाज वेगळा. हातभर अंतरावर, स्पीकरमध्ये, तो गुरमेजचा होत होता.

"तोची, तुला ऐकू येतंय का हे?"

"काय, भैणजी?"

"हा आवाज कुणाचा आहे?"

तोचीनं तिच्याकडे चमत्कारिक नजरेनं पाहिलं. "त्रिंझणचा. दुसरा कुणाचा असणार?"

गाणं लागलं. सविंदर बाहेर आली. तिच्या डोळ्यांखाली काळं आलं होतं.

"माझा आवाज परत दे," गुरमेज म्हणाली.

"मी काही घेतलेला नाही."

"तुला ऐकू येत नाही?"

"मला माझाच ऐकू येतो." सविंदरनं डोक्यावरची चुन्नी सारखी केली. मग हळूच म्हणाली, "आणि असला तुझा, तर तो तूच दिलास. प्रशाद हातात घेऊन. महाराजांसमोर दिलेला शब्द कुणी मागे घेतं का?"

गुरमेजला तिच्या थोबाडीत मारावीशी वाटली. पण गाणं संपत आलं होतं, आणि सविंदर घाईनं आत गेली. एखाद्या नोकराला मालकानं हाक मारावी तशी ती गेली.

त्यानंतर भाजीवाला तिला दोनदोनदा ‘काय म्हणालात?’ विचारू लागला. मग घरचीही विचारू लागली. डॉक्टरनं घशात बॅटरी मारून पाहिलं आणि सगळं ठीक आहे म्हणाला. तिच्या छातीत आवाज निघायचा, गळ्यापर्यंत यायचा, ओठही हलायचे. समोरचा मात्र कान पुढे करायचा. तिकडे त्रिंझण दिवसेंदिवस रंगत होतं. नवरा, नछत्तर सिंग, लोखंडाच्या भट्टीतल्या कामातून निवृत्त झालेला सरळ माणूस. तो दोन वाजता रेडिओपुढे बसायचा आणि कौतुकानं म्हणायचा, "आज फार छान बोललीस, भागवान." हे तो तिच्याकडे न बघता म्हणायचा. त्याच्यावर तिला फार राग यायचा. सविंदर परकी होती. हा तिच्या उशाला तीस वर्षं झोपलेला होता.

ती दिवस मोजत राहिली. अठ्ठावीस दिवस संपले की परवाना संपेल. मग हवेतलं सगळं हवेत विरेल, आणि आपलं आपल्याकडे येईल.

अठ्ठाविसावा दिवस सरला. दुसऱ्या दिवशी दुपारी तोची तिची गुलाबी रजई परत द्यायला आला. ट्रान्समीटर त्याच्या व्हॅनमध्ये मागे आडवा पडला होता. तारा गुंडाळून बांधलेल्या. गुरमेजनं खिडकीतून तो नीट पाहिला, आणि कित्येक दिवसांनी तिला मोकळा श्वास घेता आला.

तोची चहा पिऊन गेला. घड्याळात दोन वाजले.

नछत्तर सिंगनं सवयीनं रेडिओ लावला. नुसती खरखर.

स्वयंपाकघराच्या दारात उभी राहून गुरमेजनं घसा साफ केला. मोठं काही बोलायचं नव्हतं तिला. नेहमीचंच. रोट्या तयार होत्या, डाळ गरम होती.

"अहो, जेवायला वाढू का?" ती म्हणाली.

पूर्ण, भरदार म्हणाली. छातीत तिला आवाज घुमलेला कळला.

नछत्तर सिंगनं मान वळवली नाही.

रेडिओची खरखर थांबली.

"अहो, जेवायला वाढू का?" रेडिओ म्हणाला.

"वाढ की, भागवान," नछत्तर सिंग रेडिओकडे बघून हसला. "पम्मी, ताटं घे गं. मम्मीजी बोलावतायत."

पम्मी गुरमेजच्या अंगाला अंग घासत स्वयंपाकघरात गेली आणि तीन ताटं घेऊन आली. एक सासऱ्यांपुढे ठेवलं. एक स्वतःला घेतलं.

तिसरं तिनं रेडिओपुढे ठेवलं, आणि त्यातल्या रोटीवर हातानं लोणी पसरलं.