अंकिताच्या स्लाईडवरचा काळा गोल

"मॅडम, माझ्या पेशींचा खून झालाय!"

अंकिता हुंदके देत होती. सात रस्ता चौकातल्या खासगी डिटेक्टिव्ह दाक्षायणी हिरेमठ चहा अर्धवट टाकून उठल्या. मदतनीस अनिलकुमारने आधी तो चहा संपवला, मग चपला शोधल्या.

प्रयोगशाळेतल्या मायक्रोस्कोपवर खंडेनवमीच्या पूजेचा झेंडू अजून सुकत होता. शेजारी केळ्यांचा घड होता.

"आबांनी पूजेला आणला, उजनीकाठच्या मळ्यातला," अंकिता म्हणाली. तिचे रुंद चेहऱ्याचे वडील रावजी बाहेर बाकावर पेंगत होते. "रंग दिलेल्या पेशी या दिव्याखाली हिरव्या चमकतात. खूण केलेली जागा पूजेआधी झळाळत होती. दसऱ्याची सुट्टी संपवून आले, तर मायक्रोस्कोपच्या स्क्रीनवर अंधार! उद्या परीक्षकांना तेच दाखवायचंय. चार वर्षं पाण्यात जातील हो!"

"स्लाईड सरकवून पाहिलीस?"

"छे! जागा हरवली तर?"

मायक्रोस्कोपच्या डोळे लावायच्या दोन्ही नळ्या पार फाकलेल्या होत्या.

"हे हिचंच काम," अनिलकुमार शेजारच्या टेबलावरच्या मुलीकडे बघत कुजबुजला.

"मी कशाला पुसू रंग?" अंकिताची सहकारी राजेश्वरी उसळली. दाक्षायणीबाईंनी तिला शेजारच्या मायक्रोस्कोपात बघायला सांगितलं. तिने नळ्या अगदी जवळ आणल्या.

मग शिपाई सोमलिंग त्यात एक डोळा मिटून बघू लागला. "मला असंच जमतंय की. पूजेला ह्या यंत्राचा दिवा मीच लावला, पन मग परसाद वाटायला गेलो."

"आता स्लाईड सरकव," दाक्षायणीबाई म्हणाल्या.

अंकिताने सरकवली. काळ्या गोलाच्या कडेला हिरव्या पेशी लखलखल्या. ती किंचाळलीच.

"रंग पुसला असता तर सगळीच स्लाईड विझली असती. इथे एकच गोल विझलाय. कोणीतरी तेवढीच जागा फार वेळ बघत बसलं आणि दिव्याने तिथला रंग खाल्ला. नळ्या फाकवून, दोन्ही डोळ्यांनी. राजेश्वरीचे डोळे एकमेकांच्या जवळ, सोमलिंग एकाच डोळ्याने बघणारा. मग पूजेला आणखी कोण आलं होतं? केळी आणणारे. रुंद चेहऱ्याचे."

रावजी दारात येऊन उभे होते. त्यांनी टोपी काढली.

"दीड तास बघितलं म्या. मग दिवा मालवला."

"आबा! कळलं तरी काय त्यात?"

"काय बी न्हाय. तू केल्यालं हाय म्हून उठवंना."

अंकिताचे डोळे पुन्हा भरून आले. तिने दुसरी स्लाईड लावली, मोबाईलवर गजर लावला आणि आबांना स्टुलावर बसवलं.

"दोनच मिनिटं हं."