जांभळ्या केबलवरची हजेरी

दसऱ्याच्या सकाळी नऊ वाजून दहा मिनिटांनी कागलच्या ‘ऊसपर्ण’ कारखान्यात हिरवं बटण दाबलं गेलं. बारा रोलर हलले आणि चार सेकंदांत सगळेच्या सगळे थांबले. बटण पुन्हा दाबलं, पुन्हा चार सेकंद. तिसऱ्या खेपेला शाल्मलीने मनातल्या मनात मोजलं. चारच.

अकरा वर्षांची शाल्मली मगदूम सुट्टी म्हणून आपल्या आत्याबरोबर आली होती. तिची वसुधाआत्या या कारखान्याची मुख्य अभियंता. उसाच्या चिपाडांचा लगदा करून त्यापासून इथे पातळ, पारदर्शक आणि अतिशय चिवट कागद तयार होई. आजचा कागद मात्र नेहमीचा नव्हता. चंद्रावरच्या वसाहतीत रोपांसाठी घर बांधलं जाणार होतं, त्याच्या आतला पडदा या कागदाचा होणार होता. लांबी एक किलोमीटर, आणि मध्ये एकही जोड नको. लगदा टाकीत तयार होता, पण तो दुपारी एकपर्यंतच टिकणार होता. त्यानंतर तो टाकीतच घट्ट होऊन बसला असता. तसा लगदा पुन्हा करायचा तर पुढचा ऊस यायला हवा, आणि तोवर चंद्राकडे निघणारं यान थांबणार नव्हतं.

“आठ नंबरकडून उत्तर नाही,” गस्त्याने वाचून दाखवलं. “सात नंबरकडून उत्तर आलं, पण ते वाचता येत नाही. म्हणून सगळे रोलर थांबवले. एक वाजायला तीन तास सेहेचाळीस मिनिटं आहेत.”

गस्त्या हा कमरेएवढ्या उंचीचा, चाकांवर फिरणारा रोबो. यंत्रांभोवती गस्त घालायची, काही तापलं किंवा खडखडलं तर सांगायचं आणि नियंत्रकाने (सगळ्या यंत्रांना हुकूम सोडणाऱ्या संगणकाने) लिहिलेलं मोठ्याने वाचायचं, हे त्याचं काम.

“वेळ सांगू नकोस,” आत्या म्हणाली. “मला घड्याळ आहे.”

एरवी यावर हसला असता तो बाबालाल मुलाणी आज हसला नाही. एकतीस वर्षं तो इथे फिटर होता. त्याने आवळलेला स्क्रू त्याच्याशिवाय कुणाला सुटत नाही, असं कारखान्यात कौतुकाने म्हणत. आठ नंबरच्या मोटरची जोडणी त्यानेच गेल्या आठवड्यात नव्याने केली होती. आता तो त्या मोटरच्या पेटीसमोर हात मागे बांधून उभा होता.

“माझंच कायतरी चुकलंय, ताई,” तो म्हणाला. “हात थरथरतोय हल्ली. आजची चूक माझी निघाली, तर उद्यापास्नं पाना खाली ठेवला मी.”

आत्याने त्याला आधी तपासून तर बघू, एवढंच सांगितलं. आठ नंबरची मोटर तिने पेटीवरच्या हातबटणाने चालवायला लावली. रोलर सुरळीत फिरला. म्हणजे मोटर ठीक होती आणि पेटीही ठीक होती. हुकूम दुरून आला की मात्र पेटी मुकी होत होती.

एक गप्प बसला तर बाकीचे अकरा का थांबतात, असं शाल्मलीने विचारलं. आत्याची एक सवय होती. कितीही कामात असली तरी ती प्रश्न टाळायची नाही, फक्त उत्तर देताना तिचे हात थांबायचे नाहीत. एकीकडे पेटीची झाकणं उघडत तिने सांगायला सुरुवात केली.

ओला कागद एका रोलरवरून दुसऱ्यावर असा बारा रोलरांवरून जातो. प्रत्येक रोलरला स्वतःची मोटर. आठवा रोलर सातव्यापेक्षा जरासा जास्त पळाला की कागद ताणून फाटतो, जरासा मागे राहिला की कागद सैल पडून गोळा होतो. म्हणून प्रत्येक मोटरला एक ड्राइव्ह असतो (मोटरचा वेग हवा तेवढाच राहील अशी वीज तिला देणारी पेटी). या बाराही पेट्यांना एकाच वेळी नेमकं कळायला हवं, कोणी किती वेगाने फिरायचं. एकीचं जरी कळेनासं झालं, तरी नियंत्रक सगळ्यांना थांबवतो. फाटण्यापेक्षा थांबणं बरं.

पूर्वी यासाठी नियंत्रणाच्या खोलीतून प्रत्येक मोटरकडे वेगळ्या तारा जात. चालू करायला एक, थांबवायला एक, वेगासाठी दोन, ती तापली का हे कळायला आणखी दोन, अशा एका मोटरला दहाबारा.

“म्हणजे बाराला दीडशे,” शाल्मली म्हणाली.

बाबालालला ते दिवस आठवत होते. मांडीएवढे जाड जुडगे जमिनीखालून जायचे. एकदा उंदराने त्यातली एक तार कुरतडली, ती शोधायला त्याला आठ दिवस लागले होते.

“आणि आता ही बघ.” आत्याने पेटीखाली बोट दाखवलं.

करंगळीएवढी जाड जांभळी केबल नियंत्रकाकडून निघून पहिल्या पेटीत शिरत होती, तिथून दुसऱ्या, तिथून तिसऱ्या, अशी थेट बाराव्यापर्यंत. आत दोनच तारा. याला फील्डबस म्हणतात, आत्याने सांगितलं (कारखान्यातल्या सगळ्या यंत्रांना बोलायला एकच सामाईक केबल, आणि त्या केबलवर कोणी केव्हा बोलायचं याचे ठरलेले नियम).

“दोन तारांवर बाराजणं बोलतात? मग गोंगाट होत नाही?”

“तुमच्या वर्गात हजेरी घेताना होतो का?”

हजेरीच होती ती. नियंत्रक म्हणतो, एक नंबर, मिनिटाला चारशे फेऱ्या घे. ऐकतात सगळे, बोलतो फक्त एक नंबर. तो सांगतो, घेतोय, तीनशे नव्व्याण्णव होताहेत, तापलेलो नाही. मग दोन नंबर, मग तीन. बारा झाले की परत पहिल्यापासून. आणि या बाराजणांची एक हजेरी सेकंदाच्या शंभराव्या भागात पुरी होते.

शाल्मलीने हळूच “हजर” म्हणून पाहिलं. तेवढ्याला अर्धा सेकंद तरी लागला. म्हणजे तिचा एक ‘हजर’ पुरा होईपर्यंत या पेट्यांच्या पन्नास हजेऱ्या होऊन जात होत्या. कुणी मधे बोलत नव्हतं की कुणाचा नंबर चुकत नव्हता. ती त्या केबलकडे वाकून बघतच राहिली.

तोवर बाबालालने आठ नंबरची सगळी जोडणी सोडवून पुन्हा केली होती. त्यात चाळीस मिनिटं गेली. बटण दाबलं. चार सेकंद.

“केबल मधे तुटली असंल,” तो म्हणाला.

“मग नऊ, दहा, अकरा, बारा पण गप्प बसले असते ना?” शाल्मलीने विचारलं. “केबल आठमधूनच पुढे जाते.”

आत्याने तिच्याकडे एकदा पाहिलं आणि पुन्हा पेटीत डोकं घातलं. पावणेअकरा झाले होते.

शाल्मली बारा पेट्यांसमोरून एकदा चालत गेली. सगळ्यांवर कालच्या खंडेनवमीचे झेंडूचे हार होते. काल यंत्रं बंद ठेवून, वीज काढून सगळ्यांनी मिळून त्यांची पूजा केली होती. पेट्या पुसायचं काम तिने मागून घेतलं होतं. वर्षानुवर्षांचं हळदीकुंकू खाचाखोचांत बसलेलं होतं, ते तिने पुढची लहान दारंही उघडून स्क्रूड्रायव्हरने कोरून काढलं होतं, आणि बाबालालने पेट्या नव्यासारख्या दिसताहेत म्हणून शाबासकी दिली होती.

सगळे आठ नंबरचाच विचार करत होते. पण सात नंबरचं काय? तो गप्प नव्हता. त्याचं बोलणं कळत नव्हतं, एवढंच. असं कधी होतं? तिला आपल्या वर्गातली जूनमधली गोष्ट आठवली. यादीत चुकून दोघांना सतरा नंबर दिला गेला होता. बाईंनी सतरा म्हटलं की दोघं एकदम ओरडायचे, कुणाचंच धड ऐकू यायचं नाही. आणि अठरा म्हटलं की वर्ग गप्प.

“आत्या, सात नंबर दोघं असले तर?”

आत्याचे हात थांबले.

“परत सांग.”

“आठ नंबर बोलतोय, पण सातच्या हाकेला. म्हणून सातचं कळत नाही आणि आठ गैरहजर.” तिने जरा विचार केला. “सातची वीज बंद करायची आणि मग सातला हाक मारायची. बंद पेटी काही बोलणार नाही. तरीही कुणी बोललंच, तर तो दुसरा.”

आत्याने सगळ्यांना पिवळ्या रेषेमागे उभं केलं, सात नंबरची वीज स्वतः काढली आणि नियंत्रकाला एकच हुकूम द्यायला लावला: सात नंबर, अगदी सावकाश फिर.

“सात नंबर म्हणतो, फिरतोय,” गस्त्याने वाचलं. “उत्तर स्वच्छ आहे.”

सातवा रोलर जागचा हलला नव्हता. आठवा रोलर सावकाश फिरत होता.

तो थांबल्यावर बाबालालने आठ नंबरच्या पेटीचं पुढचं लहान दार उघडलं. आत दोन इवल्या चकत्या होत्या, एक दशकाची, एक एककाची. पेटीचा नंबर या चकत्यांवर स्क्रूड्रायव्हरने लावायचा असतो. एककाच्या चकतीचा बाण सातवर होता. शिवाय ही पेटी आपला नंबर एकदाच वाचते, वीज आली की. काल वीज नव्हती. आज सकाळी ती जागी झाली, चकती वाचली, आणि स्वतःला सात समजायला लागली.

“ही आपोआप फिरत नाही,” बाबालाल हळू आवाजात म्हणाला. “गेल्या आठवड्यात मीच उघडलं हे दार. धक्का लागला असंल माझाच.”

चकतीची खाच लखलखीत होती. शाल्मलीला ती खाच ओळखू आली. काल तिथलं कुंकू कोरताना हाताला ‘टक्’ असं काहीतरी जाणवलं होतं, आणि ती तशीच पुढच्या पेटीकडे गेली होती. बाबालालचाचाने दोष स्वतःकडे घेऊनही टाकला होता. कुणीही तिच्याकडे बघत नव्हतं.

“चाचा, तुम्ही नाही,” ती म्हणाली. “मी. काल ती खाच मी साफ केली.”

बाबालालने खिशातला स्क्रूड्रायव्हर काढून तिच्यापुढे धरला.

“तिथं कुंकू कोण भरत होतं, एकतीस वर्षं? मीच,” तो म्हणाला. “तू साफ केलंस तर चुकलं? धर. आधी वीज बंद. मग आकडा. मग दोघांनी मोठ्यानं वाचायचा.”

टक्. दोघांनी आठ वाचला.

अकरा वाजून वीस मिनिटांनी हिरवं बटण दाबलं गेलं. शाल्मलीने मोजायला सुरुवात केली. चार. पाच. सहा. दहाच्या पुढे तिने मोजणं सोडून दिलं. पहिल्या रोलरवर लगद्याची ओली साय आली, पुढे पुढे ती वाळत, ताणत, उजळत गेली आणि बाराव्यावरून काचेसारखा स्वच्छ कागद उतरायला लागला. बारा रोलर असे फिरत होते, जणू ते एकच लांबलचक यंत्र होतं. कागदावर कुठे सुरकुती नव्हती. बाबालालने त्याला बोट न लावता नुसता तळहात त्याच्यावर धरला. हात थरथरत नव्हता.

सव्वाबाराला किलोमीटर पुरा झाला.

“एक वाजायला पंचेचाळीस मिनिटं आहेत,” एवढं बोलून गेल्यावर गस्त्या घाईने गप्प झाला.

“आता सांग हवं तितकं,” आत्या म्हणाली.

चकत्यांवर चिकटपट्टी लावून त्यावर नंबर लिहायचा, आणि कुंकू यापुढे बाहेरच्या दारालाच, असं दुपारी ठरलं. बारा आकडे शाल्मलीच्या अक्षरात लिहिले गेले. मग बाबालालने सगळ्यांना आपट्याची पानं दिली. शाल्मलीच्या हातावर पान ठेवताना त्याने सांगितलं की चंद्रावरच्या रोपघरात पडदे सरकवायला चाळीस मोटरी बसणार आहेत, अशाच एका केबलवर. जाड हातमोजे घालून तिथे चकत्या फिरवता येणार नाहीत, म्हणून चाळीसही नंबर इथूनच लावून जाणार.

“लावीन मी,” तो म्हणाला. “पण दुसरा वाचणारा पायजे.”

घरी निघताना पाच वाजले होते. दशमीचा चंद्र पूर्वेला फिकट, पांढरा दिसत होता. शाल्मलीने त्याच्याकडे पाहत एक ते चाळीस आकडे सावकाश मोजले. कुठलाही नंबर तिने दोनदा घेतला नाही आणि एकही वगळला नाही.