न विचारलेलं उत्तर

"पिवळसर," पडद्यावरचा माणूस म्हणाला.

मी अजून खुर्चीसुद्धा ओढली नव्हती. खरं तर मी त्या खोलीत असायलाच नको होते. शेजारच्या टेबलावरच्या ताईंचा घसा बसला, आणि "तू तेवढं बोलून घे गं" म्हणत त्यांनी प्रश्नांचा कागद माझ्या हातात कोंबला. काचेची लहानशी खोली, पडद्यावर अनोळखी चेहरा, कपाळावर ओले केस, हातात चहाचा कप. त्याच्यामागे खिडकी, आणि खिडकीत धो धो पाऊस… पण पावसाचा आवाज अजिबात नाही.

"दिव्याचा उजेड म्हणतोय मी," तो म्हणाला. "पांढऱ्या उजेडात माणूस आजारी दिसतो, असं इथल्या दुकानदार बायका सांगतात."

"काय पिवळसर?" मी विचारलं, आणि मगच कागदाकडे पाहिलं. पहिला प्रश्न होता, तिथल्या लोकांना दिव्याचा उजेड कोणत्या रंगाचा आवडतो? मी तो वाचून दाखवला. तो मान तिरकी करून माझ्याकडे बघत राहिला. उत्तर काही आलं नाही. ते आधीच येऊन गेलं होतं.

आमचं काम सल्ला देण्याचं. एखाद्या कंपनीला आफ्रिकेत किंवा कॅरिबियन बेटांवर माल विकायचा असला, की ती आधी आमच्याकडे येते. आफ्रिका हा एक देश नव्हे, हे आम्ही पहिल्या बैठकीत सांगतो, आणि कॅरिबियन म्हणजे नुसती सुट्टी नव्हे, हे दुसऱ्या. या वेळची कंपनी सौरदिवे बनवणारी होती. हा माणूस आमचाच, बेटावर राहून दुकानं, गोदामं, बंदर पालथं घालणारा. बेटावरून आवाज उशिरा येतो हे ऑफिसात शेंबड्या पोरालाही माहीत होतं. पण याचा आवाज माझ्याकडे लवकर यायचा. ताई बोलल्या की उशिरा. मी बोलले की आधी.

मी संगणकवाल्याला बोलावलं. त्याने वायरी हलवून पाहिल्या. "मॅडम, उशिराची तक्रार रोज येते. लवकर येतंय म्हणणाऱ्या तुम्ही पहिल्याच. चांगलंच आहे की."

आमच्या साहेबांना आम्ही हेडमास्तर म्हणायचो. त्यांना आवाजाचं काही पडलेलं नव्हतं, त्यांचा एकच नियम. "विचारल्याशिवाय आलेलं उत्तर धरायचं नाही. उगाच सांगितलेलं माणूस विसरतो. विचारलं की जबाबदारीने बोलतो. उत्तर माहीत असलं तरी प्रश्न विचारायचाच."

मग मी विचारत राहिले. त्याने "खारी हवा स्क्रू खाते" म्हटलं की मी शहाण्या मुलीसारखं विचारायचे, "दिवे लवकर का बिघडतात?" लोकांचं संभाषण पुढे जायचं, आमचं उलटं. हळूहळू मला त्याची गोडी लागली. माझी संध्याकाळ, त्याची सकाळ. ताईंचा घसा केव्हाच बरा झाला, पण काचेच्या खोलीत मीच जाऊ लागले. ताई नुसत्या खाकरल्या.

एकदा तो एकदम म्हणाला, "नाही… अजून नाही." आणि कान लाल करून खिडकीकडे बघू लागला. "आई बघतेय. पण मी असा देशोदेशी फिरणारा. मुली दचकतात."

मी कागद वरखाली केला. 'नाही, अजून नाही' हे उत्तर बसेल असा एकही प्रश्न त्यात नव्हता. पण नियम म्हणजे नियम.

"तुमचं… लग्न झालंय का?" मी कागदाला विचारावं तसं विचारलं.

तो केव्हाच हसायला लागला होता. माझ्या धिटाईवर. ती दाखवायच्या आधीच.

मी त्याला हे सगळं सांगितलं, तेव्हा त्याला पटलं नाही. "मला तर तुमचा प्रश्न आधी ऐकू येतो," तो म्हणाला. "चेष्टा करता गरिबाची." म्हणून एक दिवस मी गंमत करायची ठरवली. त्याने उत्तर दिलं, "हो, दोन्ही बंदरांवर," आणि मी तोंड मिटून बसले. प्रश्न विचारलाच नाही.

त्याचा चेहरा थांबला. पापणीही हलेना. मागच्या खिडकीतला पाऊस पडत होता, फक्त तो थांबला होता. मग पडदा काळा झाला.

दुसऱ्या दिवशी तो आला तो उतरलेल्या चेहऱ्याने. "काल आपण बोललो का? मला सकाळचं काहीच आठवत नाहीये. कप धुऊन पालथा घातलेला होता. मीच धुतला असणार ना?" मी आमच्या बोलण्याचं रेकॉर्डिंग लावलं. त्यात 'दोन्ही बंदरांवर' नव्हतं. नुसता माझा श्वास ऐकू येत होता. त्यानंतर मी त्याचं एकही उत्तर उघडं टाकलं नाही. तो "बरा आहे" म्हणाला, की मी धावत "कसे आहात" म्हणायचे.

आणि मग हेडमास्तरांनी सांगितलं, बेटाचं काम संपलं. तो आता पश्चिम आफ्रिकेच्या किनाऱ्यावरच्या एका शहरात जाणार, तिथे आमचं ऑफिस उघडणार. "बरोबर एक जण हवाय. जायचं असेल तर आज घरी जाताना सांग. नाहीतर दुसरं कोणी बघतो."

घरी चर्चा आधीच झडली होती. आई म्हणाली होती, "समोर कधी पाहिलंयस त्याला? पडद्यावर काय गं, सगळेच चांगले दिसतात." वहिनी भांडी पुसता पुसता म्हणाली, "उत्तर तयार ठेवून बसणारा नवरा कुणाला मिळतो? सोडू नका वन्सं." मी हसण्यावारी नेलं, पण मला त्याच्यावर प्रेम जडलं होतं, आणि त्याची भीतीही वाटत होती. आईला मी फक्त पहिलं सांगितलं होतं.

त्या संध्याकाळी तो पडद्यावर आला तेव्हा मागची खोली रिकामी होती, बांधलेली बॅग दाराशी. तो माझ्याकडे बघतच राहिला.

"हो," तो म्हणाला.

मी प्रश्नांचा कागद घडी घालून बाजूला ठेवला.

"किती वेळ लावलात विचारायला. मला वाटलं, मलाच विचारावं लागणार."

प्रश्न कुठला, हे आता शाळकरी पोरानेही सांगितलं असतं. पण विचारायचं धाडस होईना. ज्याला कधी हातही लावला नाही, ज्याचा पाऊस आवाज न करता पडतो, त्याच्यामागे समुद्र ओलांडून जायचं? नाही विचारलं तर काय, फार तर एक सकाळ तो विसरेल. मी तरी विसरेन का?

तेवढ्यात चित्र गेलं. काळ्या पडद्यातून आवाज आला. त्याचाच, पण थोडा जाड, दमलेला, घरातला.

"अजून उठली नाही गं. ताप उतरलाय. तू सावकाश ये, पायऱ्या ओल्या आहेत."

गं. तो मला 'अहो मॅडम'च्या पुढे कधी गेला नव्हता.

कोण उठली नाही? कसल्या पायऱ्या? मी त्या काळ्या काचेत स्वतःचाच चेहरा बघत बसले, आणि हळूहळू कळलं. हे उत्तर आजच्या कुठल्याच प्रश्नाचं नव्हतं. ते फार पुढच्या कुठल्या तरी दिवसातून आलं होतं. आणि मी आज तोंड मिटून बसले, तर ते घर, त्या पायऱ्या, ती झोपलेली पोर आणि तिचा उतरलेला ताप… सगळं त्या सकाळसारखं पुसलं जाणार होतं. पालथा कप तेवढा राहणार होता.

चित्र परत आलं. तो तसाच, बॅगेशेजारी, कान लाल.

"माझ्याशी… लग्न कराल?" मी विचारलं.

तो बोलला नाही. पण पहिल्यांदाच त्याच्यामागचा पाऊस मला ऐकू आला, पत्र्यावर ताडताड वाजणारा. मी हेडमास्तरांच्या खोलीत गेले आणि म्हणाले, "मी जाते."

त्याला समोर पाहिलं ते विमानतळावर. हात हातात घेतला तर गरम होता, सगळ्यांचा असतो तसा. तेव्हापासून त्याची उत्तरं नंतरच येतात, आणि नवरा झाल्यापासून तर फारच नंतर. भाजी आणली का म्हटलं, की पेपर संपल्यावर 'अं?' करतो. आमचे दिवे इथे खपले, पिवळसर. आम्हाला मुलगी झाली. आणि मी वर्षानुवर्षं प्रत्येक घराच्या पायऱ्या पावसात पाहून ठेवल्या.

या आठवड्यात तिला ताप आला. उतरेना. डॉक्टर म्हणाले, आजचा दिवस जाऊ द्या. संध्याकाळी मी औषध घेऊन परतले तेव्हा पाऊस नुकताच थांबला होता, आणि आमच्या घराच्या पायऱ्या ओल्या होत्या. मी खालीच उभी राहिले, फोन हातात घेऊन. विचारायची घाई होती, आणि विचारवतही नव्हतं. कारण आधीच मिळालेलं हे माझं शेवटचं उत्तर. ते हातात असेपर्यंत तिला काही होणार नाही, हे मला माहीत होतं. त्याच्यापुढचं मला काहीच माहीत नव्हतं.

मी फोन लावला. "उठली का रे ती?"

तो बोलला. शब्दाला शब्द तेच. मी डोळे पुसले. आता माझ्याकडे एकही उत्तर शिल्लक नव्हतं.

"आणि तू?" मी विचारलं. "तू काही खाल्लंस?"

पलीकडे तो विचार करत होता. मी कठड्याला धरून एक पायरी चढले, आणि तो काय म्हणतो ते ऐकायला थांबले.