मेल कोण उतरवून घेतंय?

विश्वास ठेवायचा की नाही ते तुमचं तुम्ही ठरवा. पण यात माझ्या पदरचं एक अक्षरही नाही. जे मावशीनं सांगितलं आणि जे मी स्वतः पाहिलं, तेवढंच लिहितेय.

मागच्या वर्षीची गोष्ट. बुधवार होता. दुपारचे पावणेतीन.

हो, भर दुपारी. असल्या गोष्टींना रात्रच लागते असं ज्यांना वाटतं, त्यांनी माझ्या मावशीला भेटावं.

मावशी म्हणजे आईची धाकटी बहीण. एका हॉस्पिटलात कॉम्प्युटरचं काम बघते. तोंडानं फटकळ, कामाला पक्की. ती सहसा कुणाला घाबरत नाही, मग भुताखेतांचं काय घेऊन बसलात.

त्या दिवशी तिला तळमजल्यावरच्या तपासणी विभागात मेलचा प्रोग्राम लावून द्यायचा होता. नवे डॉक्टर दुसऱ्या दिवशी रुजू होणार होते. जुने डॉक्टर दीड महिन्यापूर्वी वारले होते.

त्याच खोलीत. त्याच टेबलाशी.

काम अर्ध्या तासाचं. पण मावशीचा जीव टांगणीला लागला होता. माझ्या आईच्या छातीत गाठ लागली होती. तिचा तुकडा बाहेरच्या लॅबला तपासायला गेला होता आणि रिपोर्ट याच विभागाच्या मेलवर येणार होता. चारच्या आत पाठवतो, असं लॅबनं सांगितलं होतं.

सर्व्हरचं नाव, पोर्ट, पासवर्ड... सगळं भरून झालं. मावशीनं विभागाच्या पत्त्यावर चाचणीचा एक मेल पाठवला.

गेला.

आला मात्र नाही.

तिनं सेटिंग पुन्हा तपासलं. सगळं बरोबर. दुसरा मेल पाठवला. तोही गडप. मग तिनं सर्व्हरवरची मेलची पेटीच ब्राउझरमध्ये उघडली आणि तिसरा पाठवला. या वेळी तो समोर दिसला. एक मिनिट. दोन मिनिटं.

आणि मग... घर्रर्र.

खोलीत कुठंतरी बारीक आवाज झाला. पेटी रिकामी.

मावशी वैतागली. तिला वाटलं, कुणाच्या तरी कॉम्प्युटरवर हे खातं जुन्या पद्धतीनं लावलेलं असणार. त्या पद्धतीत मेल सर्व्हरवरून उतरवून घेतला की सर्व्हरवर काही उरतच नाही. जुने डॉक्टर तसंच वापरायचे. मावशीनं दहादा समजावलं होतं, तरी ऐकायचे नाहीत.

तिनं पासवर्ड बदलला. नवा पासवर्ड फक्त तिला ठाऊक. चौथा मेल पाठवला.

पाच मिनिटांनी... घर्रर्र.

चौथाही गेला.

तिनं सर्व्हरची नोंद उघडली. कुणीतरी दर पाच मिनिटांनी आत येत होतं, मेल उचलत होतं आणि निघून जात होतं. नवा पासवर्ड घालून. समोर त्या कॉम्प्युटरचा नंबर होता. हे नंबर मावशीच देते, त्यामुळे तिला ते तोंडपाठ होते.

तो जुन्या डॉक्टरांच्या कॉम्प्युटरचा नंबर होता.

तो कॉम्प्युटर तिनं स्वतःच्या हातानं खोलून भंगारात दिला होता. फक्त आतली डिस्क काढून ठेवली होती, कारण डॉक्टरांच्या बायकोला त्यातले फोटो हवे होते. ती डिस्क याच टेबलाच्या खालच्या खणात होती.

मावशीनं खण ओढला.

डिस्क तशीच पडलेली. ना वायर, ना वीज. तिनं बोट लावलं आणि चटकन मागं घेतलं.

डिस्क गरम होती.

दुसरी कुणी असती तर पळत सुटली असती. मावशीलाही पळायचं होतं, ती हे कबूल करते. पण आईचा रिपोर्ट यायचा होता. ती खुर्चीला चिकटून बसली. डोळे स्क्रीनवर, पाय खणापासून लांब.

तीन वाजून तेहतीस मिनिटांनी मेल आला. त्यावर आईचं नाव होतं. मावशीचा हात माउसवर गेला.

घर्रर्र...

पेटी रिकामी.

तेवढ्यात तिचा मोबाईल वाजला आणि ती केवढ्यानं दचकली. फोन आईचा होता. मावशीनं मन घट्ट करून सांगितलं, ताई, रिपोर्टला जरा वेळ लागेल असं दिसतंय.

"अगं, मला कळलंय सगळं," आई म्हणाली. "तुमच्या डॉक्टरांचा फोन येऊन गेला आत्ताच."

"कुठल्या डॉक्टरांचा?"

"नाव नाही सांगितलं. वयस्कर वाटले. गाठ वाईट आहे म्हणाले, पण लवकर सापडलीय. ऑपरेशनला उशीर करू नका म्हणाले."

मावशीनं फोन कुठल्या नंबरवरून आला ते विचारलं. आईनं बघून सांगितला.

तो नंबर टेबलावर मावशीच्या कोपराजवळ असलेल्या विभागाच्या फोनचा होता. गेला तासभर त्या फोनला कुणी हातही लावला नव्हता.

दुसऱ्या दिवशी लॅबचा कागद आला. आईला सांगितलं होतं तेच त्यात होतं. त्याच सकाळी मावशीचे चाचणीचे चारही मेल परत आले होते, डॉक्टरांच्या पत्त्यावरून पुढे पाठवलेले. आईचा तेवढा आला नाही.

वॉर्डातल्या मोठ्या सिस्टरना मावशीनं आडून आडून विचारलं. त्या म्हणाल्या, "डॉक्टरांची रीतच होती ती. रिपोर्ट चांगला असला की मेल पुढे पाठवायचे. वाईट असला की मेल कुणाला दाखवायचे नाहीत. स्वतः घरी फोन करायचे."

मावशीनं त्या डिस्कला ड्रिलनं आरपार चार भोकं पाडून घेतली. डॉक्टरांच्या बायकोला सांगितलं, खराब झाली, फोटो मिळाले नाहीत. ती बिचारी रडली. मावशीला ते अजून खुपतं.

आईचं ऑपरेशन झालं. आई आज ठणठणीत आहे. गोष्ट इथंच संपली असती तर मी लिहायला बसलेच नसते.

मागच्या महिन्यात आई सहज बोलता बोलता म्हणाली, "त्या डॉक्टरांनी तेव्हा आणखी एक सांगितलं होतं बघ. धाकट्या बहिणीलाही तपासून घ्यायला सांगा म्हणाले. ऑपरेशनच्या धांदलीत माझ्या डोक्यातून साफ गेलं."

दुसऱ्याच दिवशी मावशी दुसऱ्या हॉस्पिटलात गेली, मुद्दाम. रिपोर्टसाठी स्वतःचा घरचा मेल दिला.

काल सोमवारी लॅबनं रिपोर्ट पाठवला. मावशीच्या मेलमध्ये तो नाही. फोनवर सांगायला ते तयार नाहीत, कागद गुरुवारी मिळेल म्हणतात.

तिच्या खात्याची नोंद मी माझ्या डोळ्यांनी पाहिली. मेल दुपारी दोन वाजून दहा मिनिटांनी आला. दोन वाजून बारा मिनिटांनी कुणीतरी उतरवून घेतला. शेजारचा कॉम्प्युटरचा नंबर बघून मावशीनं लॅपटॉप मिटला.

आज मंगळवार. मी तिच्याकडेच राहिलेय. चांगला असेल तर मेल पुढे येईल, म्हणून सकाळपासून मी दर पाच मिनिटांनी बघतेय. अजून आलेला नाही.

मावशीनं कालपासून तिचा फोन बंद करून ठेवलाय, आणि माझाही बंद करायला लावलाय. चालू कर असं तिला म्हणायची माझी हिंमत होत नाही.